पोरांना नबींची शिकवण घरात कशी द्यायची? (मकतब सोडून)

तापीकाठचा | बुधवार, रात्री १०:५०

मंडळी, धागा काढू की नको असं दोन दिवस चाललं होतं डोक्यात, शेवटी काढतोच.

माझी पोरगी नऊ वर्षांची, चौथीत, मराठी मीडियम. असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतर गल्लीतल्या मकतबमध्ये (कुराण शिकवणाऱ्या शाळेत) जाते. कायदा (अरबी अक्षरांचं पहिलं पुस्तक) कधीच संपला, आता कुराण नाजरा (बघून वाचणं) चालू आहे, तिसरा पारा (तीस भागांपैकी). उच्चार माझ्यापेक्षा चांगले आहेत हे कबूल करतो. तर सोमवारी भिशीचा फोन आला, या महिन्याचे पैसे माझ्याकडे तयार नव्हते म्हणून मी बायकोला खुणेनेच म्हटलं की सांग अजून जळगावहून आले नाहीत. (मी भुसावळ-जळगाव अपडाउनवाला, गाडी लेट आहे म्हटलं की कोणालाही पटतं.) तिने सांगितलं, फोन ठेवला. पोरगी समोरच होमवर्क करत होती. वर न बघता विचारते, "अब्बू, हमारे नबी को मक्केवाले अमीन क्यूं बोलते थे?"

मी म्हटलं, सच बोलते थे, लोगों की अमानत संभालते थे, इसलिए. ती म्हणाली "अच्छा". बस्स. परत वहीत डोकं. तो 'अच्छा' अजून माझ्या कानात बसलाय.

तर प्रश्न असा की वाचायला शिकवायचं काम मकतब करतं, नमाजच्या दुवा पण तिथेच पाठ होतात. पण हुजूर (स.), म्हणजे आपले नबी, माणूस म्हणून कसे होते, घरात कसे वागायचे, पोरांशी कसे बोलायचे, हे कोण सांगणार? माझ्या अब्बांकडे उर्दू पुस्तकं होती, ते वाचून सांगायचे. पोरीला उर्दू वाचता येत नाही आणि माझं उर्दू दुकानाच्या पाटीपुरतं. तुम्ही लोक घरात काय करता? अनुभव सांगा, लेक्चर नको.

भरीतप्रेमी

पोरगी वकील होणार भाऊ, लिहून ठेवा. साक्षीदाराला एकच प्रश्न आणि खाली बसली.

बाकी गाडी लेट हे कारण वापरून भुसावळचे लोक रेल्वेवर किती अन्याय करतात याचा पण एक धागा पाहिजे.

शबनम_धुळे

धागा आवडला. मी शाळेत शिकवते आणि घरी दोन मुलगे आहेत, त्यामुळे दोन्हीकडून बोलते.

तुमच्या किश्शाला अगदी चिकटून बसणारी एक हदीस (हुजूरच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे. अब्दुल्लाह बिन आमिर नावाचे सहाबी (हुजूरचे सोबती) स्वतःच्या लहानपणची आठवण सांगतात, अबू दाऊद या हदीसच्या पुस्तकात आहे. हुजूर (स.) त्यांच्या घरी बसलेले होते आणि आईने छोट्या अब्दुल्लाहला हाक मारली, इकडे ये, तुला काहीतरी देते. हुजूरनी विचारलं, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. तर म्हणाले, काहीच दिलं नसतंस तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं.

आता बघा, ही हदीस मी शाळेत शंभर वेळा सांगितली असेल. आणि घरी? "इंजेक्शन नाही देणार, फक्त डॉक्टरकाका बघणार." "दुकान बंद झालं, आता कुरकुरे मिळत नाहीत." "मोबाईलची बॅटरी संपली." सगळं मीच बोललेय. एक दिवस धाकट्याने मोबाईल उचलून बॅटरी बघितली, चौऱ्याहत्तर टक्के. त्यानंतर मी सरळ "देणार नाही" म्हणायला लागले. तो जास्त रडतो पण दुसऱ्या दिवशी माझ्यावर विश्वास ठेवतो.

सांगायचा मुद्दा, तुम्ही पोरीला काय ऐकवायचं याचा विचार करताय, ती आधीच ऐकून बसलीय आणि आता तपासतेय.

बिनहाफिज

आपा एकदम बरोबर. पण भाऊ तुम्ही फार टेन्शन घेताय, एकदम सोप्या गोष्टी आहेत. आमच्या दादीने सांगितलेली घ्या, ती म्हातारी रोज हुजूरच्या अंगावर कचरा टाकायची, एक दिवस टाकला नाही म्हणून हुजूर चौकशी करायला गेले तर ती आजारी, मग तिची सेवा केली आणि तिने कलमा वाचला (मुसलमान झाली). लहानपणी ही ऐकून मी रडलो होतो. पोरांना एवढी एक पुरते.

पुण्यातला_खान्देशी

राग मानू नका, पण ही कचऱ्यावाली गोष्ट हदीसच्या कुठल्याही मान्य पुस्तकात नाही. मिलादच्या (हुजूरच्या जन्मदिवसाच्या) तकरीरमध्ये म्हणजे भाषणात, शाळेच्या पुस्तकात, व्हॉट्सॅपवर सगळीकडे आहे, फक्त सनद (कोणी कोणाकडून ऐकलं ती साखळी) नाही. आणि हुजूरच्या नावावर जाणूनबुजून खोटं सांगणाऱ्याने आपली जागा आगीत समजावी ही हदीस मात्र इतक्या सहाबांकडून आलीय की त्यात कोणाला शंका नाही. म्हणजे खरं बोलायला शिकवण्यासाठी आपण बिनपुराव्याची गोष्ट सांगतोय.

बिनहाफिज

वा. म्हणजे माझी दादी आगीत?

पाच वक्तची नमाजी बाई, आयुष्यात कोणाचं चार आणे बुडवलं नाही. तुम्ही पुण्यात बसून तिचं सर्टिफिकेट काढा.

पुण्यातला_खान्देशी

जाणूनबुजून लिहिलंय मी. दादीला माहीत नव्हतं. आता तुम्हाला माहीत झालं, एवढंच.

भरीतप्रेमी

(पॉपकॉर्न नाही, शेंगदाणे घेऊन बसलोय. पारोळ्याचं कोणी आहे का इथे?)

कपाशीवाला

पारोळ्याचाच आहे भो, आणि शेंगदाणे नाही, कापूस आहे आपल्याकडे. तुमना धागा भारी शे.

आमचा धंदा खेडा खरेदीचा. वडील टेम्पो घेऊन गावोगाव कापूस घ्यायचे, मी शाळेला सुट्टी असली की काट्यावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कापूस वजनावर जातो, म्हणून रात्री त्यावर पाणी मारून ठेवणारे लोक असतात, वरचा थर कोरडा, आतला ओला. घेणारे पण काही संत नाहीत, काट्यात मारणारे मी भरपूर बघितलेत, आमच्याच लाईनीत.

वडील गंजीत कोपरापर्यंत हात घालायचे. प्रत्येक वेळी. मला वाटायचं धंद्याची ट्रिक आहे. एकदा हात ओला निघाला, शेतकरी ओळखीचा, म्हणाला भाऊ रात्री दव पडलं. वडील काही बोलले नाहीत, मला म्हणाले गाडीतून पाणी आण, आणि तिथेच बांधावर बसून आम्हा दोघांना किस्सा सांगितला. मदिन्याच्या बाजारात हुजूर (स.) एका धान्याच्या ढिगाजवळून चालले होते, ढिगात हात घातला तर बोटं ओली झाली. दुकानदाराला विचारलं हे काय? तो म्हणाला पाऊस लागला. तर म्हणाले, मग ओलं वर का नाही ठेवलं, लोकांना दिसलं असतं? जो फसवतो तो आमच्यातला नाही. (पुणेकर, ही 'मुस्लिम' या हदीसच्या पुस्तकात आहे, मी चेक केलंय, शांत बसा.)

तो शेतकरी आपलाच मराठा माणूस, माळकरी. त्याने ऐकलं आणि हसत म्हणाला, दव जरा जास्तच पडलं होतं बरं का. ओला कापूस बाजूला काढला, उरलेल्याचा भाव वडिलांनी ठरला तोच दिला. पुढे वीस वर्षं तो आम्हालाच कापूस देत होता.

मला हदीस म्हटलं की अजून तोच ओला हात दिसतो. आता माझा पोऱ्या काट्यावर येतो तर मी त्याला कुराणातल्या सुरा मुतफ्फिफीनचा अर्थ सांगतो, घेताना माप भरून घेतात आणि देताना कमी देतात त्यांच्यावर आलेली सुरा आहे ती. पण खरं सांगू, अर्थ सांगण्यापेक्षा त्याला काट्याचं शून्य आधी गिऱ्हाईकाला दाखवायला लावतो.

तापीकाठचा

हा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. पोरगी पण ऐकत होती. म्हणते, तो कापूस वाळवून नाही का घेता आला असता?

कपाशीवाला

वाळवून दुसऱ्या आठवड्यात आणला ना त्याने. सांगा तिला.

चोपडाकर_ताई

मी हिंदू आहे, मध्येच बोलले तर चालेल ना? आमच्या शेजारी मुस्लिम कुटुंब आहे, पंचवीस वर्षं. दोन गोष्टी विचारायच्या होत्या. पैगंबर म्हणायचं की प्रेषित, का काही फरक आहे? आणि दुसरं, माझ्या मुलाच्या वर्गात थोर व्यक्तींची चित्रं आणायला सांगितली होती तर शेजारच्या मुलाने हिरव्या घुमटाचा फोटो आणला. वर्गात मुलं हसली म्हणे, बिल्डिंग कशी थोर व्यक्ती. मुलगा घरी येऊन मला विचारत होता आणि मला नीट सांगता आलं नाही.

तापीकाठचा

ताई, चालेल काय, हक्काने बोला.

पैगंबर फारसी शब्द आहे, पैगाम म्हणजे निरोप, तो नेणारा. प्रेषित म्हणजे पाठवलेला. दोन्ही चालतं. घरात आम्ही हुजूर किंवा नबी म्हणतो, आणि नाव घेतलं की सोबत दरूद (त्यांच्यासाठीची दुवा), ते जे कंसात (स.) दिसतं ते त्याचंच छोटं रूप.

चित्राचं असं की आमच्यात हुजूरचं चित्र काढत नाहीत, कारण पुढे लोक चित्रालाच धरून बसतील आणि इबादत तर फक्त अल्लाहची. तो हिरवा घुमट मदिन्याच्या मशिदीतला, त्याच्या खाली त्यांची कबर आहे. म्हणून पोराने तो आणला. माझ्या मते पोरगं हुशार आहे. तुमच्या मुलाला सांगा, चित्र नाही पण वर्णन भरपूर आहे, कसे चालायचे, कसे हसायचे, बोलताना समोरच्याकडे नुसती मान न वळवता पूर्ण वळून बोलायचे, हे सगळं सहाबांनी सांगून ठेवलंय.

चोपडाकर_ताई

पूर्ण वळून. हे मी आज मोबाईल हातात धरून मुलाशी बोलताना वाचलं. थांबते.

अमळनेरकर

मराठीत काही नाही असं म्हणणाऱ्यांसाठी. आमच्या अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिकवत होते, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी इस्लामवर आणि पैगंबरांवर मराठीत किती जिव्हाळ्याने लिहिलंय ते मात्र फार कमी लोकांना माहीत. भाषा तीच, आईची आठवण काढणारी. आणि १९३२ ला धुळ्याच्या जेलमध्ये ज्यांची गीतेवरची प्रवचनं गुरुजींनी उतरवून घेतली ते विनोबा, त्यांनी पुढे अरबी शिकून कुराणातल्या निवडक आयतींचं संकलन केलं. दोघंही आपल्या खान्देशच्या मातीत राहून गेलेले. पोरीला उर्दू येत नाही याचं एवढं दुःख करू नका, मराठी येतं ना?

बिनहाफिज

खान्देश नावातच खान आहे, फारुकी सुलतानांचे खान. ते फारुकी स्वतःला हजरत उमर फारूक यांच्या घराण्यातले सांगायचे. आता पुणेकर त्याची पण सनद मागतील.

पुण्यातला_खान्देशी

मागणार होतो. तुम्ही 'सांगायचे' लिहिलंय म्हणून सोडलं.

सातपुडा_तडवी

आम्ही यावलकडचे तडवी. आमच्याकडे उर्दूचा प्रश्नच नव्हता, कारण उर्दू कधी आलंच नाही. घरात आमची बोली, बाजारात लेवा बोली, शाळेत मराठी. जळगावला शिकायला गेलो तेव्हा हॉस्टेलमधली मुस्लिम पोरं विचारायची तू नक्की मुसलमान आहेस ना, आणि आदिवासी पोरं विचारायची तू नक्की आदिवासी आहेस ना. दोन्हीकडे फॉर्म भरून द्यावा लागायचा, असं समजा.

माझ्या आजीला कलमा आणि दोन-तीन छोट्या सुरा, एवढंच पाठ होतं. नमाजमध्ये तेच परत परत. पण उन्हाळ्यात केळीच्या बागेत कामाला जायची तर सोबत एक जास्तीची लोटी. बांधावर फुटकं मडकं पुरून ठेवलेलं, त्यात आधी पाणी ओतायची मग स्वतः प्यायची. कुत्री, पाखरं, कोणीही. मी विचारलं कशाला, तर म्हणे एका बाईने तहानेल्या कुत्र्याले पाणी पाजलं अन् तिचे सारे गुन्हे माफ झाले, नबींनी सांगेल आहे. मोठा झाल्यावर समजलं की ही हदीस बुखारी या हदीसच्या पुस्तकात आहे आणि ती बाई बदनाम बाई होती. आजीने तेवढं गाळलं होतं. तिला कोणी सांगितली असेल ही गोष्ट? तिला तर वाचता पण येत नव्हतं.

मे महिन्यात इकडे सेहेचाळीस-सत्तेचाळीस जातं. मडकं अजून आहे. म्हणजे तेच नाही, तिसरं-चौथं असेल.

शबनम_धुळे

मडक्यावर काही बोलता येत नाही. नुसतं वाचलं परत.

नंदुरबारी

सगळं गोडगोड चाललंय म्हणून थोडं कडू लिहितो. मी मकतब तिसऱ्या महिन्यात सोडलं. गाव सांगत नाही, उस्ताद आता हयात पण नाहीत. एक अक्षर चुकलं की निंबाची छडी. मला 'ऐन' (अरबी अक्षर) नीट म्हणता यायचा नाही, अजून येत नाही. चाळीशीत नमाज शिकलो, तेही बायकोकडून. आणि गंमत म्हणजे त्याच उस्तादांनी आम्हाला ताइफ शहराचा किस्सा सांगितला होता, लोकांनी दगड मारून रक्त काढलं तरी हुजूरनी बद्दुवा (शाप) दिली नाही. एका हातात छडी घेऊन.

काही लोक दहा वर्षांच्या पोराला नमाजसाठी मारायची हदीस पुढे करतात. मला वाद घालायचा नाही. पण पोरांच्या मनातून दीन (धर्म) घालवायचा असेल तर याच्यापेक्षा सोपा रस्ता मला माहीत नाही.

शबनम_धुळे

नंदुरबारी भाऊ, वाईट वाटलं वाचून. हुजूरच्या पत्नी हजरत आयशांची साक्ष सरळ आहे, मुस्लिममध्ये. अल्लाहच्या राहातली लढाई सोडली तर हुजूरनी आपल्या हाताने कधीच कोणाला मारलं नाही, ना बाईला ना नोकराला. आणि तुम्ही म्हणता त्या हदीसमध्ये सात वर्षांपासून दहापर्यंत नुसतं सांगत राहा असं आहे. तीन वर्षं, रोज पाच वेळा. कितीदा प्रेमाने सांगायचं झालं त्याचा हिशोब करा. ते सोडून लोक सरळ शेवटच्या शब्दावर उडी मारतात.

अनस (रजि., म्हणजे अल्लाह त्यांच्यावर राजी असो) दहा वर्षं हुजूरच्या घरी कामाला होते, लहानपणी आईने आणून सोडलेले. ते सांगतात, दहा वर्षांत मला 'उफ' म्हटलं नाही, 'हे का केलंस' असं नाही, 'ते का नाही केलंस' असंही नाही. एकदा कामाला पाठवलं तर अनस रस्त्यात पोरं खेळत होती तिथे रमले. मागून कोणीतरी मानेला धरलं. वळून बघतात तर हुजूर, हसताहेत. "उनैस, सांगितलं तिथे गेलास का?" लाडाने अनसचं उनैस केलं, जसं आपण पिंट्या, बबल्या करतो. दूध आणायला पाठवलेला माझा मोठा पोरगा गल्लीत क्रिकेट खेळताना सापडतो तेव्हा ही हदीस मला पाठ असते आणि तरी तोंडातून दुसरंच निघतं. प्रामाणिकपणे सांगतेय.

गल्ली_नंबर_सात

मिलादचं कोणी बोललंच नाही. आमच्याकडे बारा दिवस घरात मिलाद, रोज एका घरी, पोरं नात (हुजूरच्या स्तुतीची गाणी) पढतात, जर्दा (गोड भात) वाटतो. माझ्या पोरांना सीरत (हुजूरचं चरित्र) तिथूनच समजली. २०२३ ला मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला, तर मुंबईत जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरलं आणि सरकारने २९ ची सुट्टी दिली. तेव्हा पोरगा म्हणाला आपण का मागे जायचं? मी म्हटलं ज्यांच्या नावाचा जुलूस आहे त्यांना विचारलं असतं तर काय म्हणाले असते ते तू सांग. थोडा वेळ गप्प, मग म्हणे, पहले तुम जाओ बोलते.

पुण्यातला_खान्देशी

पोराचं उत्तर मस्त. पण मुळात मिलाद साजरी करणं हे सहाबांनी

तापीकाठचा

पुणेकर भाऊ, हात जोडतो. इथे नको. हा वाद मशिदीत चौदाशे ओळी चालतो आणि शेवटी चपला हरवतात.

पुण्यातला_खान्देशी

थांबलो. डीजेबद्दल बोलू का? त्यावर सगळे सहमत होतील.

गल्ली_नंबर_सात

डीजेवर मी पण तुमच्याच बाजूने. छातीत धडधडतं हो, आणि नात कसली ते पण समजत नाही.

बिनहाफिज

परत आलो. जुम्म्याला मशिदीत आमच्या मौलानांना कचऱ्याच्या गोष्टीचं विचारलं. म्हणाले, मतलब अच्छा है, मगर रिवायत नहीं मिलती, बयान में मैं भी छोड दिया. बारा वर्षांपासून सोडलीय म्हणे आणि आम्हाला पत्ता नाही, कारण बयानात आम्ही झोपतो.

तर पुणेकर, तुमचं बरोबर. दादीचं पण बरोबर, ती रडवायची ते खरं होतं. आता पोराला दुसरी सांगतो, मौलानांनीच दिली. अनसचा धाकटा भाऊ अबू उमैर, त्याच्याकडे एक छोटी चिमणीसारखी पाखरू होती, नुगैर. तिच्याशी खेळायचा. ती मेली. हुजूर घरी आले तर पोरगं तोंड पाडून बसलेलं. तर त्याला यमक जुळवून म्हणाले, "या अबा उमैर, मा फअलन नुगैर?" अरे अबू उमैर, तुझ्या नुगैरचं काय झालं? एवढंच. बुखारीत आहे. कलमा वाचला, बाई सुधारली, असं काही पुढे नाही. आख्ख्या मदिन्याचा कारभार बघणारा माणूस एका पोराच्या मेलेल्या पाखराची चौकशी करतोय.

माझ्या पोराने विचारलं, मग दुसरं पाखरू दिलं का? मी म्हटलं लिहिलेलं नाही. आधीच्या बिनहाफिजने दिलं असतं.

चोपडाकर_ताई

आमचा पोपट गेला तेव्हा शेजारच्या चाची आल्या होत्या, खास तेवढ्यासाठी. मला तेव्हा नवल वाटलं होतं.

सातपुडा_तडवी

ताई, त्यांना विचारा एकदा नुगैर माहीत आहे का.

चोपडाकर_ताई

विचारलं. "हां, अबू उमैर की चिडिया," म्हणाल्या. आणि वर मलाच, तुला कोणी सांगितलं?

तापीकाठचा | रविवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. रोज झोपताना एक गोष्ट सुरू केलीय, मराठीत, मध्येमध्ये घरची बोली. आतापर्यंत ओला ढिगारा, उनैस आणि चिडिया. चौथ्या दिवशी तिने मला सांगितली, मकतबमधून आणलेली. हिजरतच्या (मक्का सोडून मदिन्याला जायच्या) रात्री जीव घ्यायला लोक दारात, आणि हुजूर हजरत अलींना मागे ठेवतात, कशाला तर मक्क्याच्या लोकांच्या अमानती (ठेवी) परत करायला. तिने शेवटी मुद्दाम थांबून विचारलं, "किस के पैसे थे, अब्बू? दुश्मनों के भी ना?"

तर मग आज दुपारी तिच्यासमोरच भिशीवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. म्हटलं पैसे दहा तारखेला देतो, आत्ता नाहीत. तो म्हणाला अरे मग त्या दिवशीच सांगायचं ना. मी "हो, राहून गेलं" म्हणून फोन ठेवणार तर पोरगी माझ्याकडे बघतेय. म्हणून म्हटलं, भाऊ, त्या दिवशी गाडी लेट नव्हती, मी घरीच होतो.

तो म्हणाला, माहीत आहे, मी तुझ्या दारातूनच फोन लावला होता, बाईक बाहेर उभी होती.

बिनहाफिज

बाईक आत लावत जा असं लिहिणार होतो. नाही लिहीत.